न आलेला अर्धा टक्का : दक्षिण आफ्रिकेतल्या व्हॅटचा २०२५ सालचा घोळ

२९ एप्रिल २०२५, मंगळवार. डरबनमधल्या एखाद्या मध्यम दुकानाचा हिशेब सांभाळणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. दीड महिना खपून त्याने १ मेची तयारी केली आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हॅटचा, म्हणजे विक्रीवरच्या मूल्यवर्धित कराचा, दर १५ टक्क्यांच्या जागी १५.५ बसवला आहे. शेल्फवर लावायची नवी लेबलं छापून गठ्ठे करून ठेवली आहेत. महिन्याच्या महिन्याला माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकांना 'दर वाढणार' अशी पत्रंही गेली आहेत. मग गुरुवारी पहाटे सरकार म्हणतं, वाढ रद्द. रविवारी न्यायालय म्हणतं, वाढ स्थगित. तो रविवार म्हणजे २७ एप्रिल, तिथला स्वातंत्र्य दिन. राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली की सोमवारी सुट्टी द्यायची असा तिकडचा कायदा, म्हणजे सोमवार गेला. १ मेला कामगार दिनाची सुट्टी. हातात उरले मंगळवार आणि बुधवार. दीड महिन्यात बांधलेलं दोन दिवसांत सोडायचं.

एकूण वाढ होती अर्ध्या टक्क्याची. पंधरावरून साडेपंधरा. ११५० रँडचा किराणा ११५५ रँडचा झाला असता. तेव्हा एक रँड म्हणजे साधारण साडेचार-पावणेपाच रुपये होते. एवढ्याशा फरकासाठी देशाचं अंदाजपत्रक तीनदा तयार करावं लागलं, सरकारमधला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष आपल्याच अर्थमंत्र्याविरुद्ध कोर्टात गेला, आणि 'नेमका किती टक्के लावायचा?' या प्रश्नाचं उत्तर महिनाभर कुणी छातीठोकपणे देऊ शकत नव्हतं. संवाद नीट झाला नाही म्हणून गोंधळ उडाला, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. संवाद भरपूर झाला होता. कोणाच्या शब्दाला कायद्याचं वजन आहे हेच ठरलेलं नव्हतं.

आधीचं थोडं

दक्षिण आफ्रिकेत व्हॅट आला ३० सप्टेंबर १९९१ रोजी, जुन्या विक्रीकराच्या जागी, दहा टक्क्यांनी. वर्णभेदी राजवट तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. अन्नधान्यावर कर नको म्हणून कोसाटू या कामगार महासंघाने नोव्हेंबर १९९१ मध्ये दोन दिवसांचा देशव्यापी संप केला आणि लाखो लोक घरी बसले. हे लक्षात ठेवण्यासारखं, कारण कोसाटू हा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा जुना सोबती. म्हणजे आज सत्तेत असलेल्या पक्षाच्या घरातच व्हॅटबद्दलचा राग तीस वर्षांपूर्वीपासून मुरलेला आहे.

१९९३ मध्ये दर चौदा टक्के झाला आणि तिथेच पंचवीस वर्षं बसला. गरिबांना झळ कमी बसावी म्हणून मक्याचं पीठ, ब्राऊन ब्रेड, तांदूळ, डाळी, दूध, अंडी, भाज्या, फळं, डब्यातले पिलचर्ड मासे असे जिन्नस शून्य दरात ठेवले गेले. २१ फेब्रुवारी २०१८ ला तेव्हाचे अर्थमंत्री मालुसी गिगाबा यांनी चौदाचे पंधरा केले आणि १ एप्रिलपासून ते लागू झाले. कुरकुर झाली, निदर्शनं झाली, पण एकोणचाळीस दिवसांत दुकानं तयार झाली आणि ठरल्या दिवशी ठरलेला दर लागला. तेव्हा संसदेत एका पक्षाचं बहुमत होतं, हा तपशील त्या वेळी कुणाला महत्त्वाचा वाटला नाही.

२९ मे २०२४ च्या निवडणुकीत ते बहुमत गेलं. चारशेपैकी १५९ जागा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला आणि ८७ डेमोक्रॅटिक अलायन्सला. तीस वर्षं समोरासमोर भांडलेले हे दोन पक्ष इतर छोट्या पक्षांसह एका सरकारात बसले. नाव दिलं 'राष्ट्रीय एकतेचं सरकार'. अशा घरात पहिलं अंदाजपत्रक कसं मांडायचं याची रीत कुणाकडेच नव्हती.

१९ फेब्रुवारी : दुपारी दोनला होणारं भाषण

अर्थमंत्री एनॉक गोडोंग्वाना यांचं भाषण त्या दिवशी दुपारी व्हायचं होतं. तिथल्या रिवाजाप्रमाणे पत्रकार आणि विश्लेषक सकाळपासून बंद खोलीत कागदपत्रं वाचत होते. फोन बंद, बाहेर जायचं नाही, भाषण सुरू झालं की बातम्या सोडायच्या. त्यांच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं की व्हॅट पंधरावरून सतरा होणार. सरळ दोन टक्के.

मंत्रिमंडळातल्या बाकीच्या पक्षांना हे आयत्या वेळी कळलं आणि त्यांनी पाय रोवले. सभापती थोको डिडिझा यांनी भाषण पुढे ढकलल्याचं जाहीर केलं. वर्णभेद संपल्यापासून असं कधी झालं नव्हतं. नवी तारीख पडली १२ मार्च.

सरकारची अडचण खोटी नव्हती. महसुलातल्या प्रत्येक रँडमधले बावीस सेंट तेव्हा नुसत्या व्याजात जात होते. शिक्षक, परिचारिका, रेल्वे, बेकारांना मिळणारा महिना ३७० रँडचा भत्ता, सगळ्यांना पैसे हवेत. अर्थखात्याचं म्हणणं असं की आयकराचा वरचा टप्पा आधीच ४५ टक्के आहे, कंपनीकर २७ टक्के आहे, तिथे आणखी पिळलं तर हाती फारसं लागणार नाही. व्हॅट सगळ्यांवर पसरतो, वसुलीला सोपा, दोन टक्क्यांत वर्षाला साठ अब्ज रँडच्या आसपास मिळतात. हिशेबाच्या वहीत हे बिनतोड आहे. पण मक्याचं पीठ करमुक्त असलं तरी साबण, चहा, साखर आणि मोबाइलचा रिचार्ज करमुक्त नाही, आणि हे सगळं गरिबाच्या पिशवीतही असतंच.

दोन टक्क्यांची गोष्ट त्याच दिवशी संपली. पण दुकानदाराच्या दृष्टीने गोंधळ इथे सुरू झाला. सतरा ऐकलं होतं, ते गेलं. आता किती? अठ्ठावीस फेब्रुवारीला कुणी वार्षिक कंत्राटावर सही करत असेल तर त्याने किती टक्के धरायचे?

१२ मार्च : साडेपंधरा, मग सोळा

दुसऱ्या भाषणात तोडगा निघाला. १ मे २०२५ पासून अर्धा टक्का, १ एप्रिल २०२६ पासून आणखी अर्धा. बरोबर गोडवा म्हणून शून्य दराच्या यादीत भर. डब्यातल्या भाज्या, काही प्रकारचे दुधाचे मिश्र पदार्थ, आणि मेंढी, बकरी, गाय, डुक्कर, कोंबडी यांची मुंडी, पाय, जीभ, हाडं, आतडी-कलेजी. आपल्याकडे मुंडी-पाया म्हणतात तसलाच माल. तिकडच्या वस्त्यांत कोंबडीच्या पाय-मुंडीला 'वॉकी-टॉकी' असं मजेशीर नाव आहे आणि महिनाअखेरीस अनेक घरांत तेच शिजतं. ज्याने हा बदल सुचवला त्याला लोक काय खातात ते माहीत होतं.

हा तोडगा पाहून मला गंमत वाटली ती आकड्याची. दहा, चौदा, पंधरा : चौतीस वर्षांत तिथला व्हॅट कधीही दशांशात नव्हता. हिशेबनिसांच्या बोटांना सवय १५/११५ ची, म्हणजे ३/२३ ची. करासह रकमेला तीनने गुणा, तेवीसने भागा, कर बाहेर. साडेपंधराला तोच अपूर्णांक होतो ३१/२३१. चुकीचं काहीच नाही, पण डोक्यात बसत नाही. आणि ज्या जुन्या प्रणालीत कराच्या दराचा रकाना पूर्णांकाचाच ठेवलेला आहे, तिथे हा अर्धा टक्का आत शिरतच नाही.

आता काउंटरवर येऊ. दक्षिण आफ्रिकेत किंमत करासकटच लावावी लागते, आपल्या एमआरपीसारखी. एक शर्ट आहे, लेबल २९९.९९ रँड. पंधरा टक्क्यांनी त्यातली मूळ किंमत २६०.८६. साडेपंधराने तोच शर्ट ३०१.२९ चा होतो. तीनशेच्या आत ठेवण्यासाठीच तर २९९.९९ लिहिलेलं असतं! मग दुकानदार लेबल तसंच ठेवतो आणि शर्टामागे १ रँड १३ सेंट आपल्या खिशातून सरकारला देतो, किंवा ३०९.९९ करतो आणि गिऱ्हाईक 'अर्धा टक्का वाढला, तुम्ही तीन टक्के वाढवलेत' म्हणून भांडतं. हजारो वस्तूंचा हा निर्णय एकेक करून घ्यायचा. मग लेबलं छापायची. मग ३० एप्रिलच्या रात्री ती बदलायची.

याहून किचकट भाग बिलांचा. तिथल्या कायद्यात साधारण नियम असा की बिल किंवा पैसे, जे आधी होईल ते पुरवठ्याची वेळ ठरवतं. मग एप्रिलमध्ये बिल फाडून मेमधली सेवा पंधरा टक्क्यांत बसवता येईल का? अशा पळवाटा बुजवण्यासाठी दर बदलताना लागणारे खास नियम आहेत. १५ एप्रिल ते १४ मे असं वीजबिल असेल तर दिवसांच्या प्रमाणात दोन दर. एप्रिलमध्ये विकलेला फ्रिज मेमध्ये परत आला तर क्रेडिट नोट जुन्या दराने. जुन्या कंत्राटात कराचा उल्लेखच नसेल तर वाढलेला कर पुरवठादार मागू शकतो, दोघांचं वेगळं ठरलेलं नसेल तर. आणि ज्यांचं विवरणपत्र दोन महिन्यांचं असतं त्यांतल्या एका वर्गाचा कालावधी एप्रिल-मे असा, म्हणजे एकाच फॉर्मवर दोन दर. दुसऱ्या वर्गाचा मार्च-एप्रिल, तो सुटला. नशीब!

हे सगळं सोडवता येतं. २०१८ मध्ये सोडवलं होतं. सार्स या महसूल खात्याने प्रश्नोत्तरं काढली, सॉफ्टवेअर कंपन्यांनी अपडेट पाठवले, सल्लागारांनी शिबिरं घेतली. घोषणा झाल्यावर माणसं कामाला लागतात ती तारखेवर विश्वास ठेवून. तारीख हलणार नाही एवढंच त्यांचं मागणं असतं.

घोषणा आणि कायदा यांच्यामधली फट

या प्रकरणाचं मर्म माझ्या मते इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तिथल्या व्हॅट कायद्याच्या कलम ७ मध्ये पोटकलम ४ आहे. अर्थमंत्र्याने अंदाजपत्रकात दर बदलाची घोषणा केली, की त्याने सांगितलेल्या तारखेपासून तो बदल लागू होतो आणि बारा महिने लागू राहतो. तेवढ्या मुदतीत संसदेने कायदा करून त्याला दुजोरा द्यायचा. म्हणजे आधी वसुली, मग मंजुरी. याला व्यवहाराचं कारण आहे. कर वाढणार हे जाहीर करून कायदा होईपर्यंत सहा महिने थांबलात, तर लोक खरेदी पुढे-मागे करतात आणि तिजोरीचं नुकसान होतं.

आपल्यालाही हे अनोळखी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३ तारखेला जीएसटी परिषदेने दर उतरवायचं ठरवलं आणि २२ तारीख दिली, तेव्हा मधले एकोणीस दिवस टीव्ही-गाड्यांची दुकानं ओस पडली होती. मी एसी बघायला गेलो तर विक्रेताच म्हणाला, "साहेब, बावीसनंतर या, मी कशाला तुम्हाला फसवू?" पण आपल्याकडे त्या बावीस तारखेबद्दल कुणाला शंका नव्हती. दर उतरणार होते हा भाग आहेच, पण ठरवणाऱ्या परिषदेत केंद्र आणि राज्यं दोन्ही बसलेली होती आणि निर्णय तिथेच झालेला होता.

दक्षिण आफ्रिकेत तसं नव्हतं. एका पक्षाचं बहुमत असताना मंत्र्याची घोषणा आणि संसदेची मंजुरी यांत फक्त कालावधीचा फरक असे, निकालाचा नाही. मंत्री बोलला म्हणजे झालंच. त्यामुळे कलम ७(४) ही निव्वळ सोय वाटत होती. २०२४ नंतर तीच सोय फट झाली. आता मंत्री जे बोलला त्याला संसद 'नाही' म्हणू शकत होती, पण ती 'नाही' म्हणेपर्यंत वाढीव दराने वसुली चालूच राहिली असती. आणि बारा महिन्यांनी संसदेने नाकारलं तर गोळा केलेले पैसे कोणाचे? पावरोटी विकणाऱ्याने कोणत्या गिऱ्हाइकाला शोधून परत द्यायचे?

डेमोक्रॅटिक अलायन्सने वेस्टर्न केप उच्च न्यायालयात नेमकं हेच म्हटलं. कर लावायचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेचा आहे, तो एका मंत्र्याच्या हाती असा सोपवता येत नाही. ज्युलियस मालेमा यांचा इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स हा पक्षही त्यात सामील झाला. एरवी हे दोन पक्ष एका रस्त्याने चालत नाहीत. मंत्र्यांची बाजू अशी की हा अधिकार संसदेनेच कायदा करून दिलेला आहे आणि बारा महिन्यांची लगामही तिनेच घातली आहे. दोन्ही बाजूंत दम आहे. मला स्वतःला पहिली अधिक पटते, कारण गोळा झालेला व्हॅट परत देता येत नाही. आयकराचा परतावा देता येतो. चहाच्या पाकिटावरचा देता येत नाही.

२ एप्रिल : १९४ विरुद्ध १८२

वाढीला न्यायालयात आव्हान, आणि त्याच वेळी संसदेत वित्तीय चौकटीवर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या जमाखर्चाच्या एकूण आराखड्यावर, मतदान. २ एप्रिलला १९४ मतं बाजूने, १८२ विरोधात. सरकारातल्याच डेमोक्रॅटिक अलायन्सने विरोधात मत दिलं. बहुमत जमलं ते सरकारबाहेरच्या ॲक्शनएसए या सहा खासदारांच्या पक्षाने हात दिला म्हणून. त्यांनी अट घातली होती की तीस दिवसांत व्हॅटवाढीला पर्याय शोधायचा. ही अट अहवालात शिफारस म्हणून गेली.

आता वाचणाऱ्याने काय समजायचं? चौकट मंजूर झाली, त्या चौकटीत व्हॅटवाढ आहे. पण मंजूर करणारेच म्हणतात वाढ नको. बातमीचे दोन मथळे त्याच दिवशी खरे होते : 'व्हॅटवाढीला संसदेची मंजुरी' आणि 'व्हॅटवाढ टळणार'. घोळात घोळ म्हणजे त्याच दिवशी अमेरिकेने नव्या आयातशुल्कांची यादी जाहीर केली आणि दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला तीस टक्के आले. पुढच्या आठवड्यात रँड नीचांकाला गेला.

एप्रिलभर हिशेबनिसांसमोर जे दोन रस्ते होते त्यांत चांगला एकही नव्हता. बदल केले आणि वाढ रद्द झाली, तर खर्च पाण्यात. बदल केले नाहीत आणि वाढ झाली, तर १ मेपासून प्रत्येक विक्रीत अर्धा टक्का खिशातून, वर दंडाची भीती. मोठ्या साखळी दुकानांना, बँकांना, विमा कंपन्यांना थांबणं परवडणारंच नव्हतं. त्यांची प्रणाली एका रात्रीत हलत नाही, म्हणून त्यांनी काम उरकलं. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराने बहुधा काहीच केलं नसेल, आणि शेवटी तोच शहाणा ठरला. वार्षिक उलाढाल दहा लाख रँडच्या खाली असेल तर नोंदणीची सक्तीच नव्हती, पण त्यालाही घाऊक माल वाढीव करासकटच घ्यावा लागला असता.

२४ ते २७ एप्रिल : मागे कसं यायचं?

२२ तारखेला न्यायालयात सुनावणी झाली. मंत्र्यांच्या वतीने अर्जाला विरोध झाला. आणि २४ ला पहाटेच, लोक झोपेत असताना, अर्थखात्याचं निवेदन आलं की दर पंधराच राहील. तीन वर्षांत सुमारे ७५ अब्ज रँडची तूट पडेल, खर्च कापावा लागेल, संसदेपुढे मांडलेली विनियोजनाची, म्हणजे सरकारी पैशाच्या वाटपाची, विधेयकं मागे घेतली जातील. शून्य दराच्या यादीतली भरही रद्द. वॉकी-टॉकी पुन्हा पंधरा टक्क्यांत.

इथे एक बारीक पेच आहे. १२ मार्चच्या घोषणेला कलम ७(४) मुळे कायद्याचं बळ होतं. मग २४ एप्रिलच्या निवेदनाला कसलं बळ? कलमात अंदाजपत्रकातल्या घोषणेने दर बदलता येतो असं लिहिलं आहे, पत्रकाने तो पुन्हा बदलता येतो असं नाही. म्हणून सरकारला दर पंधराच ठेवण्यासाठी विधेयक आणावं लागलं. जो दर आहे तोच राहावा म्हणून कायदा! आणि ते विधेयक १ मेच्या आत पार पडण्याची चिन्हं नव्हती. हातात कामाचे दिवस चार. म्हणजे काटेकोर वाचलं तर मंत्री 'नाही' म्हणत असतानाही १ मेला साडेपंधरा लागू झाला असता.

ही गाठ २७ तारखेला न्यायालयाने सोडवली. मंत्र्यांची घोषणा स्थगित, आणि वित्तीय चौकट मंजूर करणारे संसदेचे ठराव रद्द. रविवारी, स्वातंत्र्य दिनी. निकाल वाचून अनेक वकिलांना बरं वाटलं असेल. सुरुवातीच्या त्या हिशेबनिसाला मात्र मंगळवारचा विचार करावा लागला.

सार्सने या वेळी व्यवहाराला धरून मार्ग काढला. ज्यांनी प्रणाली बदलली आहे आणि १ मेपर्यंत परत पंधरावर येणं शक्य नाही, त्यांना १५ मेपर्यंत मुदत. तोवर साडेपंधराने वसूल केलं असेल तर तेवढं सरकारजमा करायचं. यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. १ ते १५ मेच्या पंधरवड्यात दोन शेजारच्या दुकानांत एकाच वस्तूवर दोन वेगळे कर असू शकत होते, आणि दोन्ही दुकानदार नियमातच होते. कायद्याच्या काटेकोर चष्म्यातून हे बसत नाही, पण दुसरं काय करता आलं असतं मला सुचत नाही.

२१ मे आणि पुढे

तिसरं अंदाजपत्रक २१ मेला मांडलं गेलं. पहिल्या, न झालेल्या भाषणापासून एक्याण्णव दिवसांनी. व्हॅट पंधरा. वाढीचा अंदाज १.९ वरून १.४ टक्क्यावर उतरलेला. वसुली सुधारण्यासाठी सार्सला तीन वर्षांत साडेसात अब्ज रँड जास्त. एडवर्ड कीस्वेटर हे सार्सचे तेव्हाचे आयुक्त सांगतच होते की दर वाढवण्यापेक्षा बुडालेला कर वसूल करायला आम्हाला माणसं आणि यंत्रणा द्या. व्हॅटच्या गोंधळातून कुणाचं काही भलं झालं असेल तर त्यांचं.

जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हवी. मार्चच्या आणि मेच्या दोन्ही मांडण्यांत आयकराचे टप्पे महागाईप्रमाणे सरकवले गेले नाहीत, सलग दुसऱ्या वर्षी. पगार महागाईएवढा वाढला तरी माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जातो आणि न बोलता जास्त कर भरतो. त्यासाठी कुणी संसदेत मतं मोजली नाहीत, कुणी कोर्टात गेलं नाही. त्यासाठी लेबल बदलावं लागत नाही ना.

आणि इंधन. व्हॅटवाढ गेल्यावर पेट्रोलवरची लेव्ही, म्हणजे इंधनावरचा ठरावीक कर, लिटरमागे १६ सेंटनी आणि डिझेलवरची १५ सेंटनी वाढवली, ४ जूनपासून. तीन वर्षांनी पहिल्यांदा. इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स पुन्हा त्याच न्यायालयात गेले : हीदेखील संसदेला बाजूला ठेवून केलेली करवाढच. या वेळी न्यायालयाने अर्ज फेटाळला, ३ जूनला. तिकडे इंधनाचे सरकारी दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बदलतात, आणि ४ जून बुधवारच होता. तेल उतरलं होतं. त्यामुळे लेव्ही वाढूनही त्या दिवशी पंपावरचा आकडा लिटरमागे काही सेंटनी खालीच आला, आणि गाडी भरून निघालेल्या माणसाला आपण जास्त कर भरला हे कळलंसुद्धा नाही.